‘बाहेरचे’ आणि ‘आतले’ : हिस्टेरिया या संज्ञेचा इतिहास आणि सैलानीची हजेरी

१

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा ‘हिस्टेरिया’ ही रोगसंज्ञा तीमधून वगळण्यात आली. ग्रीक वैद्यकापासून आपली वंशावळ सांगणारा एक रोग अशा रीतीने अधिकृतपणे संपुष्टात आला. त्या संज्ञेखाली ज्यांची नोंद होत असे ती लक्षणे मात्र संपली नाहीत. कारणावाचून लुळा पडणारा हात, अकस्मात बंद होणारी वाचा, अपस्मारासारखे पण अपस्मार नसलेले झटके, दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात बोलू लागणारे शरीर, हे सारे आजही आहे. त्याची नावे तेवढी बदलली आहेत.

बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ हाजी अब्दुल रहमान ऊर्फ सैलानीबाबा यांचा दर्गा आहे. होळीच्या दिवशी येथे नारळांची प्रचंड होळी पेटते. रुग्णावरून उतरवलेले नारळ आणि त्याच्या अंगावरचे जुने कपडे तीत टाकले जातात. त्यानंतर काही दिवसांनी संदल निघतो. महाराष्ट्रातून आणि शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या या समुदायात हिंदू आणि मुसलमान दोन्ही असतात, आणि त्यांतील पुष्कळ जण कोणाला तरी घेऊन आलेले असतात : ‘बाहेरचे’ लागलेली सून, ‘हवा’ लागलेली मुलगी, ‘करणी’ झालेला भाऊ. दर्ग्याच्या परिसरात ज्या अवस्थेला ‘हजेरी’ म्हणतात, तीत मोकळे केस घुमवीत, किंचाळत, लोळण घेत रुग्ण बोलू लागतो; खरे तर त्याच्या तोंडून दुसरे कोणी बोलू लागते, अशी तेथे श्रद्धा आहे.

ज्या संज्ञेला वैद्यकाने निरोप दिला तिचा इतिहास सैलानीसारख्या स्थळाच्या संदर्भात वाचला, तर तो अज्ञानाकडून ज्ञानाकडे जाणारी सरळ रेषा वाटत नाही. एकाच प्रश्नाला वेळोवेळी दिलेल्या उत्तरांची ती मालिका ठरते. तो प्रश्न असा : हे शरीर बोलते तेव्हा ‘मी’ कोण असतो? गर्भाशय, मज्जातंतू, सूचना, स्मृती, मेंदूतील जाळी अशी उत्तरे वैद्यकाने दिली. जिच्या तोंडून हे बोलणे उमटते त्या व्यक्तीला ‘मी’ हे सर्वनाम देण्याची तयारी मात्र फार उशिरा आणि फार अपुरी झाली.

२

मराठीत या अनुभवक्षेत्रासाठी एकच एक संज्ञा कधी नव्हती. अंगात येणे, वारे येणे, झपाटणे, लागीर होणे, बाधा होणे, फिट येणे असे क्रियापदांचे एक कुटुंबच येथे आढळते. त्यात एक भेद स्पष्टपणे पाळला जातो. देवता येते ते ‘अंगात येणे’. ते बहुधा इष्ट असते आणि त्याला पूजास्थान असते. भूत येते ती ‘बाधा’. ती अनिष्ट असते आणि घालवावी लागते. महाराष्ट्रातील या दोन अवस्थांचा अभ्यास करताना जॉन स्टॅन्ली यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हाच भेद केंद्रस्थानी ठेवला आहे. शरीराच्या हालचाली दोन्हींत सारख्या असू शकतात. कोण आले आहे यावर अर्थ ठरतो.

या शब्दकुटुंबाचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. मराठीत राग येतो, रडू येते, ताप येतो, फिट येते आणि अंगातही येते. अनुभवणारी व्यक्ती वाक्याचा कर्ता नसते. ‘तिच्या’, ‘तिला’ अशा विभक्तिरूपांत ती घटनेचे स्थान म्हणून उभी असते. युरोपीय भाषांत ‘हिस्टेरिक’ हे विशेषण व्यक्तीला चिकटते आणि तिचा स्वभाव ठरवते. मराठी वाक्यरचना त्या अवस्थेला घटना मानते, गुण मानत नाही. बाईला बोल लागत नाही, हा या व्याकरणाचा दिलासा आहे. त्याची किंमतही त्याच व्याकरणात आहे : जे बोलले गेले ते तिचे नव्हे, असेही त्यातून ठरून जाते. बाधेच्या बोलण्यात रूढ असलेले ‘मी हिला सोडणार नाही’ हे वाक्य घेतले तर हे ध्यानात येते. यातला ‘मी’ भुताचा आहे. जिच्या कंठातून ते उमटते ती स्वतःच्याच वाक्यात ‘ही’ झालेली आहे.

आयुर्वेदाची मांडणी याहून निराळी आणि पुष्कळ सूक्ष्म आहे. आक्षेपक, अपतंत्रक यांसारखे विकार तेथे वाताच्या प्रकोपातून उद्भवतात. भूतोन्मादाची गणना आगंतु उन्मादात होते. परंतु चरकसंहितेच्या निदानस्थानातच असेही बजावले आहे की, जो स्वतःच्या कर्माने क्लेश पावलेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस क्लेश देत नाहीत. प्रज्ञापराधातून आलेल्या व्याधीचे खापर देवादिकांवर फोडू नये. म्हणजे ‘बाहेरचे’ आणि ‘आतले’ यांच्या सीमेवरचा वाद या परंपरेला अपरिचित नव्हता.

आधुनिक काळात हिस्टेरियाला प्रतिशब्द हवा झाला आणि ‘योषापस्मार’ हा शब्द रूढ झाला. योषा म्हणजे स्त्री. अपतंत्रकाच्या नावात लिंग नव्हते. योषापस्माराच्या नावातच ते शिरले. स्त्रीदेहाविषयीचा युरोपीय ग्रह संस्कृत धातूंचा पोशाख घालून देशी वैद्यकात आला आणि तो जणू येथलाच असल्यासारखा स्थिरावला.

३

भाषांतरातून रोग कसा घडतो याचे याहून मोठे उदाहरण हिस्टेरियाच्या उगमकथेतच आहे. इजिप्तमधील काहून येथे सापडलेला, सुमारे इ. स. पू. १८०० चा वैद्यकीय पपायरस आणि हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथ यांत हिस्टेरियाचे पहिले वर्णन आहे, असे दीर्घकाळ सांगितले गेले. ग्रीक ग्रंथांत शरीरात वर सरकणाऱ्या गर्भाशयाची आणि त्यामुळे कोंडणाऱ्या श्वासाची वर्णने आहेत, हे खरे. ‘हिस्टेरिया’ नावाचा एक रोग मात्र त्यांत नाही. एमिल लित्रे यांनी १८३९ ते १८६१ या काळात हिपोक्रेटिसच्या ग्रंथसंभाराची फ्रेंच भाषांतरासह आवृत्ती काढली आणि काही परिच्छेदांना आपल्या काळातले हे नाव मथळ्यादाखल दिले. पुढच्या वाचकांना मथळा हीच संहिता वाटली. हेलन किंग यांनी १९९३ मध्ये हा गुंता संहिताचिकित्सेच्या मार्गाने सोडवून दाखवला. दोन सहस्रकांची जी परंपरा सांगितली जाते, तिचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकातील संपादकाच्या लेखणीतून उतरलेला आहे.

गर्भाशयाची सत्ता सतराव्या शतकात ढळू लागली. लंडनमध्ये १६०२ मध्ये मेरी ग्लोव्हर या मुलीला झपाटल्याच्या आरोपावरून एका वृद्धेवर चेटकाचा खटला चालला. तीत साक्ष देणाऱ्या एडवर्ड जॉर्डन या वैद्याने पुढच्या वर्षी पुस्तिका लिहून मुलीची लक्षणे नैसर्गिक विकाराची असल्याचे प्रतिपादन केले. भुताच्या जागी अवयव आला, आणि चेटकीण ठरवल्या जाणाऱ्या स्त्रीच्या बचावाला वैद्यक उभे राहिले. या शास्त्राच्या इतिहासातील हा उजळ क्षण आहे. टॉमस विलिस यांनी विकाराचे स्थान मेंदू आणि मज्जातंतूंकडे नेले. टॉमस सिडनहॅम यांनी १६८२ मध्ये स्त्रियांचा हिस्टेरिया आणि पुरुषांचा हायपोकॉन्ड्रिया हे एकाच विकाराचे दोन चेहरे असल्याचे सांगितले, आणि हा विकार जवळजवळ कोणत्याही रोगाचे रूप घेतो असेही नोंदवले. पिएर ब्रिके यांनी १८५९ मध्ये ४३० रुग्णांच्या अभ्यासातून भावनिक आघातांवर भर दिला. पुरुषांतही हा विकार त्यांना आढळला. मात्र त्यांच्या हिशेबाने ते प्रमाण वीस स्त्रियांमागे एक पुरुष असे होते.

अवयव बदलत गेला तरी रचना तीच राहिली. गर्भाशय बोलते, मज्जा बोलते. बाई बोलत नाही. सैलानीच्या हजेरीत जे स्थान भुताचे, ते येथे इंद्रियाचे होते.

४

ज्याँ-मार्तँ शार्को १८६२ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात रुजू झाले आणि १८८२ मध्ये मज्जाविकारांचे अध्यासन त्यांच्यासाठी निर्माण झाले. हिस्टेरियाला त्यांनी नियमबद्ध केले : मोठ्या झटक्याचे चार टप्पे, त्यांतील कमानीसारखे वाकलेले शरीर, भावाविष्ट मुद्रा आणि अखेरचा भ्रम. पुरुषांच्या हिस्टेरियाला त्यांनी प्रतिष्ठित निदान केले. परंतु त्यांचे विज्ञान हे प्रामुख्याने पाहण्याचे विज्ञान होते. रुग्णालयात छायाचित्रशाळा उभी राहिली. व्याख्यानांना वैद्यांबरोबर लेखक आणि कलावंतही येत. आंद्रे ब्रुईए यांच्या १८८७ च्या प्रसिद्ध चित्रात शार्को ब्लाँश विटमान या रुग्णेला सभेपुढे दाखवीत आहेत, आणि तिच्या समोरच्या भिंतीवर कमानीसारख्या वाकलेल्या देहाचे रेखाटन टांगलेले आहे. जी मुद्रा तिच्या अंगात ‘येणार’ होती, ती आधीच भिंतीवर लिहिलेली होती.

सैलानीच्या हजेरीशी याची तुलना अपरिहार्य ठरते. तेथेही मुद्रा सामूहिक आहे; एकीचे घुमणे दुसरीला आपले व्याकरण पुरवते. शार्को यांना या साम्याची जाण होती. पॉल रिशे यांच्यासह त्यांनी १८८७ मध्ये जुन्या चित्रांतील भूतग्रस्तांना हिस्टेरियाचे रुग्ण म्हणून वाचले, आणि मृत्यूच्या आधी, १८९२ मध्ये, श्रद्धेने होणाऱ्या रोगमुक्तीवर निबंध लिहून ती खरी असल्याचे मान्य केले. तिचे क्षेत्र मात्र त्यांनी हिस्टेरियापुरते सीमित ठेवले. आपले व्याख्यानगृहही लक्षणांना आकार देणारे स्थान असू शकते, ही शक्यता त्यांनी पत्करली नाही. ती त्यांच्याच शिष्याने पत्करली. बाबिन्स्की यांनी १९०१ मध्ये हिस्टेरियाची व्याख्या सूचनेने निर्माण होणारा आणि समजुतीने बरा होणारा विकार अशी केली. त्यातून ‘मग ते खरे की सोंग?’ हा प्रश्न वैद्यकात ठाण मांडून बसला, आणि पुढे शतकभर त्याने रुग्णांचे अतोनात नुकसान केले.

लुई आरागाँ आणि आंद्रे ब्रेताँ यांनी १९२८ मध्ये हिस्टेरियाची पन्नाशी साजरी करताना त्याला अभिव्यक्तीचे एक थोर साधन म्हटले. हा गौरवही पुरुष प्रेक्षकांचाच होता. ज्या ऑग्युस्तीनची छायाचित्रे त्यांनी छापली, ती १८८० मध्ये पुरुषवेष करून त्या रुग्णालयातून पळून गेली होती. तिच्या ‘अभिव्यक्ती’वरचे तिचे स्वतःचे भाष्य बहुधा याहून निराळे नसावे.

५

ऐकण्याला पाहण्याहून वरचे स्थान मिळाले ते व्हिएन्नामध्ये. योझेफ ब्रॉयर यांच्याकडे १८८० ते १८८२ या काळात उपचार घेणारी ‘ॲना ओ.’ म्हणजे बेर्टा पापेनहाइम. मातृभाषा जर्मन हरपून ती इंग्रजीत बोलू लागली होती, आणि बोलण्यातून होणाऱ्या या उपचाराला नाव तिनेच दिले. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा ग्रंथ १८९५ मध्ये आला. आपली रुग्णवृत्ते लघुकथांसारखी वाचली जातात, अशी काहीशी अवघडलेली कबुली फ्रॉइड यांनी त्यात दिली आहे. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने हे वळण निर्णायक आहे, कारण लक्षण हे येथे प्रथमच अर्थपूर्ण विधान ठरले. ‘बाहेरचे’ भूत आता ‘आतली’ स्मृती झाले.

पण ऐकणाऱ्यालाही स्वतःची कथा आधीच ठाऊक असू शकते. ‘डोरा’ या नावाने १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तातील तरुण मुलगी आपल्या वडिलांच्या मित्राने केलेल्या लगटीची तक्रार करीत होती. वडिलांनी ती कल्पना म्हणून झटकली. फ्रॉइड यांनी घटना खरी मानली, पण तिच्या नकाराचे वाचन सुप्त इच्छा म्हणून केले. १९०० च्या अखेरीस, सुमारे तीन महिन्यांतच, डोराने उपचार सोडले. एलेन सिक्सू आणि कातरीन क्लेमाँ यांनी १९७५ मध्ये हिस्टेरियाग्रस्त स्त्रीला बंडाची नायिका मानायचे की व्यवस्थेचा बळी, हा वाद घातला, तेव्हा डोराचे हे निघून जाणेच त्यांच्या समोर होते.

मानवशास्त्रातही हा वाद समांतर चालला आहे. आय. एम. लुईस यांनी १९७१ मध्ये झपाटले जाण्याकडे अधिकारहीन स्त्रियांचा आडवाटेने केलेला निषेध म्हणून पाहिले. या विचाराला मराठी अनुभवाने घातलेली मुरड महत्त्वाची आहे. व्हिडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे त्यांना आढळले की घुमणारी स्त्री पुष्कळदा मूळ रुग्ण नसतेच. नवरा किंवा मुलगा आजारी असतो. त्याला घेऊन आलेली बाई त्याची पीडा आपल्या अंगावर घेते आणि समाधिस्थ होते. बुलढाण्याच्या सीमेलगत, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे महानुभावांचे स्थानही बाधा घालवण्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी घुमणे हा निषेधही असेल, परंतु तो शुश्रूषेच्या, म्हणजे बाईवरच येऊन पडणाऱ्या घरकामाच्या विस्तारातला एक भागही आहे. ‘आतले’ शोधणारे मनोविश्लेषण या ‘बाहेरच्या’ ओझ्यापर्यंत क्वचितच पोचले.

मराठी कवितेला ही भाषा परकी नव्हती. एकनाथांच्या भारुडात लिंबू-नारळाच्या उताऱ्यालाही न हटणारे भूत येते. नारद आणि ध्रुव यांनाही तेच लागले होते असे सांगत नाथ त्याला सर्वांठायी असलेल्या परतत्त्वापर्यंत नेतात. बाधेची भाषा तीच ठेवून ‘कोण आले’ या प्रश्नाचे उत्तर त्यांनी बदलले. बाधा ही भाषा आहे आणि तिच्यात वेगळे वाक्य रचता येते, ही जाण त्यामागे दिसते.

६

पहिल्या महायुद्धाने स्त्रीरोगाच्या कल्पनेला मोठा तडा दिला. मुके झालेले, थरथरणारे, आंधळे झालेले सैनिक खंदकांतून परतले आणि चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला. लक्षणे तीच होती, पण पुरुषाला झाल्यावर नाव बदलले. पुढे १९६५ मध्ये एलियट स्लेटर यांनी लंडनच्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये हिस्टेरियाचे निदान झालेल्या ८५ रुग्णांचा पाठपुरावा मांडला. त्यांतील अनेकांत कालांतराने अन्य आजार उघडकीस आले होते. हे निदान म्हणजे अज्ञानाचे पांघरूण आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पंधरा वर्षांनी संज्ञा वगळली गेली.

२००५ मध्ये जॉन स्टोन आणि सहकाऱ्यांनी २७ अभ्यासांतील १,४६६ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा १९५० च्या दशकात सुमारे २९ टक्के असलेले चुकीच्या निदानाचे प्रमाण १९७० नंतर ४ टक्क्यांवर आल्याचे दिसले. म्हणजे अवस्था खरी होती. अडचण तिच्याकडे पाहण्याच्या रीतीत होती. २०१३ मधील पाचव्या अमेरिकन पुस्तिकेने मानसिक आघात सिद्ध झालाच पाहिजे ही अट काढली आणि सोंग नसल्याची खातरजमा करण्याची अटही काढली. आता निदान ‘काही सापडले नाही’ यावर थांबत नाही. दुर्बळ वाटणारा पाय, दुसरा पाय उचलताना नकळत जोर लावतो, यासारख्या प्रत्यक्ष खुणांवर ते उभे राहते. हूव्हर यांनी ही खूण १९०८ मध्येच नोंदवली होती. संकेतव्यवस्था बिघडलेली आहे आणि यंत्र शाबूत आहे, असे रुग्णाला स्पष्ट सांगता येते. ‘खरे की सोंग’ हा प्रश्न निदान निकषांतून तरी हद्दपार झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या वर्गीकरणात बाधेच्या अवस्थांना स्वतंत्र स्थान मिळाले, पण एका अटीसह : अवस्था अनिच्छेने आलेली असावी आणि धार्मिक वा सांस्कृतिक मान्यतेच्या चौकटीबाहेरची असावी. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीतही हा विवेक कायम आहे. ‘अंगात येणे’ आणि ‘बाधा’ यांत मराठीने जो भेद जपला होता, तो अशा रीतीने जिनिव्हाच्या दस्तऐवजात आला. सैलानी मात्र या भेदाला आव्हान देते. तेथली बाधा अनिच्छेची आहे आणि मान्यतेच्या चौकटीतलीही आहे. पीडा आणि विधी तेथे एकाच क्षणी, एकाच देहात असतात.

७

या विवेचनाचा अर्थ दर्ग्याचे उदात्तीकरण असा होऊ नये. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी श्रद्धाउपचाराच्या छपराला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ जण मृत्युमुखी पडले. साखळदंड हा सैलानीविषयीच्या वृत्तांतांतही पुन्हापुन्हा येणारा तपशील आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणे आणि मारहाण करणे हा गुन्हा ठरवला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई केली. हे निर्बंध निःसंदिग्धपणे आवश्यक आहेत. मात्र भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी २००९ मध्ये महाराष्ट्रातील दर्ग्यांकडे मनोसामाजिक आघातातून सावरण्याच्या जागा म्हणून पाहिले, हेही विसरता येत नाही. साखळी तोडली तरी बोलण्याची जागा का हवी होती, हा प्रश्न उरतोच.

२०१७ च्याच कायद्याचे तिसरे कलम येथे विशेष लक्षणीय आहे. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी न जुळणे, हा एखाद्याला मनोरुग्ण ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असे ते सांगते. घरात उलट बोलणारी सून ‘बाहेरची’ ठरते, किंवा नकार देणारी डोरा रुग्ण ठरते, त्या दोन्ही वाक्यांना हे कलम कायद्याच्या भाषेत हरकत घेते.

हजेरीत भुताला प्रश्न विचारला जातो : तू कोण, आलास कशाला, जाणार कधी? शार्को यांनी प्रश्न विचारला नाही, पाहिले. फ्रॉइड यांनी विचारला, पण उत्तर पुष्कळदा स्वतः दिले. आजचे मज्जाविज्ञान पायाला विचारते आणि पायाकडून प्रामाणिक उत्तर मिळवते, ही प्रगती लहान नाही. तरीही या साऱ्या संवादांत जिला उद्देशून प्रश्न विचारला जावा ती वाक्यात तृतीयपुरुषीच राहिली आहे. ‘हिस्टेरिया’ शब्दकोशातून गेला. ‘मी हिला सोडणार नाही’ हे वाक्य गेलेले नाही. त्यातली ‘ही’ कोणत्या परिस्थितीत ‘मी’ म्हणू शकेल, याची चौकशी वैद्यकाइतकीच साहित्यविचाराचीही आहे, कारण सर्वनामांचा हा व्यवहार अखेर भाषेतच चालतो, आणि भाषेत जे बांधले गेले ते सोडवायचे झाले तरी तेही भाषेतच सोडवावे लागते.